कुंपणापलीकडची चोकबेरी

त्र्याहत्तर सालच्या जूनमध्ये आम्ही बॅलरॅटला राहायला आलो. मी अठ्ठावीस वर्षांची होते. पुण्याच्या एका कॉलेजात तीन वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवून आले होते, पण इथे माझ्या एम.एस्सी.ची कोणाला गरज नव्हती. नवऱ्याला कारखान्यात इंजिनिअरची नोकरी होती म्हणून आम्ही त्या गावात. मेलबर्नहून ट्रेनने दोन तास, आणि मेलबर्नपेक्षा दोन स्वेटर जास्त थंड.

घराच्या मागे मोकळं आवार होतं. माती चिकट, पिवळट, पावसाळ्यात बुटांना धरून बसणारी. मी त्यात मोगरा लावला, तो पहिल्याच हिवाळ्यात काळा पडला. जास्वंद तीनदा लावली. सकाळी उठून पाहावं तर गवतावर मीठ सांडल्यासारखा फ्रॉस्ट, आणि त्यात जास्वंदीची पानं उकडलेल्या पालकासारखी लोंबत असायची. मी ती तिसरी जास्वंद उपटत होते तेव्हा मागच्या कुंपणावरून आवाज आला.

"तू गरम देशाचं झाड लावतेस. थंड देशाचं लाव."

मागच्या घरात एक लॅटव्हियन बाई एकट्याच राहायच्या. तेव्हा सत्तरीच्या असतील. युद्धानंतर नवरा आणि एक मुलगा यांच्याबरोबर बोटीने आलेल्या. नवरा वारला होता, मुलगा मेलबर्नला असायचा. त्यांचं इंग्रजी माझ्याहूनही मोडकं होतं, म्हणून त्यांच्याशी बोलताना मला कधी संकोच वाटला नाही. आम्ही दोघी चुका करत भराभर बोलायचो.

त्यांच्या बाजूने कुंपणाला लागून नऊ झुडपांची रांग होती. ऑक्टोबरात पांढऱ्या फुलांचे झुबके यायचे, फेब्रुवारी संपता संपता काळी, चकचकीत फळं, आणि एप्रिलमध्ये सगळी रांग अशी लाल व्हायची की माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर तो रंग पडायचा. ही झुडपं त्यांनी मायदेशातून आणलेली नव्हती. त्यांच्या बहिणीने तिकडून पत्रात लिहिलं होतं की हल्ली इथे सगळे हे लावतात, फळाचा रस काढतात, आणि पत्रात एक वाळलेलं पान घातलं होतं. पुढे कधीतरी डॅन्डेनॉनच्या डोंगरातल्या एका नर्सरीत त्यांना तेच पान दिसलं. तिथे ते नुसतं शोभेचं झाड म्हणून विकत होते.

शहात्तरच्या हिवाळ्यात त्यांनी मला बुडाशी फुटलेले पाच फुटवे मुळांसकट काढून दिले. मुलगी तेव्हा सव्वा वर्षाची होती. ती चिखलात बसलेली, आणि आम्ही दोघी खड्डे खणतोय. बाई म्हणाल्या, "ह्याला लाड नको. पाणी साचलं तरी चालतं, फ्रॉस्ट चालतो. फक्त जुन्या काठ्या बुडापासून काप. नव्यांना उजेड पाहिजे."

झाड काय आहे हे कळल्याशिवाय मला चैन पडेना. पुण्याहून येताना आणलेलं भिंग ट्रंकेतून काढलं आणि पान पाहिलं. मधल्या शिरेवर वरच्या बाजूने काळ्या, बारीक ग्रंथी होत्या. फळ कापलं तर आत इवल्याशा सफरचंदासारखी रचना, टोकाला फुलाचे वाळलेले अवशेष. म्हणजे गुलाबाच्या कुळातलं, सफरचंदाचं चुलत भावंड. लायब्ररीतल्या जाडजूड पुस्तकात चित्र सापडलं. चोकबेरी. पुढे मुलगी वाचायला लागली तेव्हा मी तेच पुस्तक घरी आणून तिला मांडीवर घेऊन ते पान दाखवलं होतं, भिंगातून ग्रंथी मोजायला लावल्या होत्या. माझ्याकडे त्या गावात दुसरी विद्यार्थिनी नव्हती.

एकोणऐंशीत माझ्या झुडपांना पहिलं भरपूर फळ आलं. कच्चं खाल्लं तर तोंड असं सुकतं की जीभ टाळ्याला चिकटते, अर्धकच्च्या जांभळाच्या दुप्पट तुरट. बाईंनी शिकवलं की फळ आधी फ्रीजरमध्ये गोठवायचं, मग तुरटपणा मरतो. त्या त्यात सफरचंद घालून जॅम करायच्या. मी सफरचंद, लवंग आणि वेलची घालून मुरांबा केला. शाळेच्या जत्रेत ठेवला तर त्या बरण्या संपल्या. एका बाईने विचारलं, "आंबट-गोड असं हे काय आहे, लव्ह?" मला किती दिवसांनी कोणी काही विचारलं होतं. मी तिला कुळापासून सगळं सांगत बसले.

मुलगी त्या बाईंना बॅक नॅना, म्हणजे मागची आजी, म्हणायची. कुंपणाची एक फळी सैल होती, ती बाजूला सारून ती त्यांच्याकडे जायची. माझ्याशी ती इंग्रजीत बोलायला लागली होती. मी मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. बाईंकडून मात्र ती लॅटव्हियन शब्द घेऊन यायची.

ब्याऐंशीच्या सुरुवातीला कारखान्यातून माणसं कमी करायला लागले. रोज संध्याकाळी नवरा कोण गेलं ते सांगायचा, नंतर सांगेनासा झाला. जेवताना गप्प. मी काही विचारलं की म्हणायचा, "काही नाही गं. वाढ." आम्ही नऊ वर्षं तिथे होतो, पण त्या दिवसांत तो पुन्हा आदल्या दिवशी विमानातून उतरल्यासारखा वागायला लागला. शेजाऱ्यांना जास्तच हसून हॅलो म्हणायचा. रेडिओवर हिंदी गाणं लावलं तर उठून खिडकी बंद करायचा.

त्याच मार्चमध्ये मुलीचा सातवा वाढदिवस झाला. वर्गातल्या आठ मुली आल्या. पावाला लोणी लावून वर रंगीत साखरेचे दाणे, सॉसेज रोल, केक, आणि मी हौसेने केलेले बटाटेवडे, ज्यांना कोणी हात लावला नाही. केक कापून झाल्यावर मुली मागे खेळायला गेल्या. झुडपं फळांनी वाकली होती. माझ्या मुलीने त्यांना खाऊन दाखवलं, मग सगळ्यांनी तोंडं वाकडी करत खाल्ली, एकमेकींना काळ्या जिभा दाखवल्या. मी दारात उभी राहून हसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. एक मुलगी रात्रभर उलट्या करत होती, तिला हॉस्पिटलात नेऊन सलाइन लावलं होतं. दुपारपर्यंत दुसरी आजारी पडल्याचं कळलं. सकाळच्या फोनवर पहिलीची आई होती. ती ओरडत नव्हती, त्यामुळे जास्त भीती वाटली.

"ती म्हणतेय की तुमच्या आवारातली काळी फळं खाल्ली. ती कसली फळं होती?"

"चोकबेरी," मी म्हणाले.

"चोक?" ती म्हणाली. "तुम्ही मुलांना चोकबेरी दिली?"

मी सांगत राहिले की नाव तसं आहे फक्त, घसा आवळल्यासारखी तुरट लागते म्हणून. पण तिने फोन ठेवला होता.

नवरा दुपारीच घरी आला. कारखान्यात कोणीतरी त्याला सांगितलं होतं. कोट न काढता तो स्वयंपाकघरात उभा राहिला.

"कौन्सिलचा माणूस येणार आहे. सांभाळून बोल."

"अहो, पण ते विषारी नाहीच आहे. मला माहीत आहे."

"तुला माहीत आहे म्हणूनच सांगतोय. उद्या काही निघालं तर? तू शिकलेली, तुला ठाऊक होतं, तरी तू खाऊ दिलंस, असं होईल. माझ्या सेक्शनमधून अजून चार जण जायचेत. लोकांना निमित्त पाहिजे."

"मग काय सांगू?"

"आपण आणलं नाही, आपल्याला कोणीतरी दिलं, असं सांग. खोटं आहे का ते?"

ते खोटं नव्हतं. त्याच आधारावर मी पुढचं बोलले.

हेल्थ इन्स्पेक्टर सभ्य होता. चाळिशीचा, आखूड पँट आणि गुडघ्यापर्यंत मोजे. त्याने आवारात जाऊन फळांसकट फांदी कापून पिशवीत घातली, मेलबर्नला ओळख पटवायला पाठवणार म्हणाला. मग टेबलाशी बसून कागद काढला. मी चहा ठेवला, तो त्याने घेतला.

"ही झुडपं तुम्ही कुठून आणली?"

"मागच्या बाईंनी दिली."

"फळ खाण्याजोगं आहे हे तुम्हांला ठाऊक होतं?"

इथे मी खरं सांगायला हवं होतं. मी भिंगाने पाहिलं होतं, पुस्तकाशी ताडून पाहिलं होतं, विषारी काळी फळं कशी असतात आणि ही त्यांच्यापासून वेगळी कशी, हे मी पहिल्या वर्षाच्या पोरींनाही दहा मिनिटांत समजावून दिलं असतं. त्या गावात ते झाड माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. नवरा बाहेरच्या खोलीत उभा होता. त्याचे बूट मला दिसत होते.

"नाही," मी म्हणाले. "मला त्यातलं काही कळत नाही. त्या बाईंनी सांगितलं की खायला चालतं. मी विश्वास ठेवला."

"म्हाताऱ्या आहेत ना त्या? परदेशी?"

"हो," मी म्हणाले. मीही परदेशीच होते, पण त्या क्षणी मी त्याच्या बाजूच्या खुर्चीत बसले होते.

तो गेल्यावर कप उचलायला वळले तर दारात मुलगी. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"बट मम," ती म्हणाली, "यू शोड मी इन द बुक."

मी तिला म्हटलं, "आत जा." एवढंच. आणि ती गेली.

इन्स्पेक्टर त्याच दुपारी उशिरा मागच्या घरी गेला. शनिवारी सकाळी बाईंचा मुलगा मेलबर्नहून आला, मागून उघडी मालवाहू गाडी घेऊन. मी खिडकीतून पाहत होते. त्याने आधी करवतीने सगळ्या काठ्या जमिनीलगत कापल्या. फळं तशीच लगडलेली होती. मग एकेका बुंध्याला साखळी बांधून गाडीने ओढून काढलं. मुळं सुटताना कापड फाटल्यासारखा आवाज यायचा. बाई मागच्या पायरीवर ॲप्रन घालून उभ्या होत्या. त्यांनी मुलाला थांबवलं नाही, मदतही केली नाही. दुपारपर्यंत नऊ खड्डे उरले. जाताना त्याने सैल फळी खिळे मारून घट्ट केली. हातोड्याचे ठोके माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येत होते. मी बाहेर गेले नाही.

सोमवारी शाळेतून कळलं की वर्गातल्या आणखी मुली आजारी आहेत, वाढदिवसाला न आलेल्यासुद्धा. वरच्या वर्गातलेही काही. बुधवारपर्यंत निम्म्या शाळेला उलट्या झाल्या. पोटाची साथ होती. हॉस्पिटलातली मुलगी तोवर घरी येऊन टीव्ही पाहत बसली होती. पुढच्या आठवड्यात इन्स्पेक्टरचा फोन आला. "झाड निरुपद्रवी आहे म्हणतात. तुम्ही अगदी खुशाल जॅम करा. नो वरीज."

मी तेव्हाच पुढच्या रस्त्याने वळसा घालून बाईंच्या दाराशी गेले. इतक्या वर्षांत मी त्यांच्या पुढच्या दाराने कधी गेले नव्हते. त्यांनी दार उघडलं, पण आत या म्हणाल्या नाहीत.

"फळात काही नव्हतं," मी म्हणाले. "साथ होती. सगळ्यांनाच झाली."

"मला माहीत होतं फळात काही नाही."

मग त्या म्हणाल्या, "माणूस आला. म्हणाला, शेजारीण सांगते की तुम्ही म्हणालात खायला चांगलं. मी म्हटलं, होय. मी म्हणाले."

"माझी चूक झाली."

"तू टीचर. तू भिंगातून बघितलंस. मला सांगितलंस, सफरचंदाचं भावंड."

"हो."

"मग?"

"भीती वाटली."

त्यांनी मान हलवली. युद्धाच्या दिवसांत त्यांच्या गावात शिपाई दारोदार येऊन माणसांची नावं विचारत असत, हे त्यांनी मला पूर्वी एकदा जॅम ढवळता ढवळता सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "भीती मला माहीत आहे. पण मी कोणाचं नाव दिलं नाही." आणि दार हळूच लावलं, आपटलं नाही.

मी घरी येऊन कौन्सिलला पत्र लिहिलं. लिहिलं की मी वनस्पतिशास्त्राची पदवीधर आहे, झाड मी स्वतः ओळखलं होतं, त्या बाईंचा काही दोष नव्हता. नवऱ्याने पत्र वाचलं आणि म्हणाला, "आता कशाला उकरतेस? संपलंय ना सगळं." मी ते पोस्टात टाकलं. उत्तर आलं नाही. शाळेच्या फाटकाशी त्या मुलीच्या आईला गाठून हेच सांगितलं. ती घाईत होती. "इट्स ऑल राइट, लव्ह, झालं गेलं," असं म्हणून तिने माझ्या दंडावर थोपटलं. पण पुढच्या जत्रेत माझ्या बरण्या तशाच राहिल्या, आणि मागच्या बाई तर त्या जत्रेला आल्याच नाहीत. त्यांच्याबद्दल मुलं काय काय बोलायची ते माझी मुलगी घरी येऊन सांगायची. चेटकीण, वगैरे.

जुलैमध्ये नवऱ्याची नोकरी गेली. चोकबेरीशी त्याचा काही संबंध नव्हता. पूर्ण सेक्शनच बंद झाला. ज्या भीतीपोटी मी ते बोलले, ती गोष्ट व्हायची ती झालीच. तो दिवसभर घरात असायचा. एकदा फावडं घेऊन आवारात गेला आणि म्हणाला, "ही पण काढून टाकतो." मी जाऊन झुडपांसमोर उभी राहिले. आमच्या लग्नात मी त्याला कधी अडवलं नव्हतं. तो फावडं तिथेच टाकून आत गेला.

त्याच हिवाळ्यात माझ्या झुडपांच्या बुडाशी फुटवे आले होते. मी पाच काढले, मुळांना ओलं गोणपाट गुंडाळलं आणि बाईंच्या दाराशी नेले. त्यांनी गोणपाट उघडून मुळं पाहिली, बोटाने माती झटकली. चांगली काढली आहेत, असं काहीतरी म्हणाल्या. मग ते परत माझ्या हातात दिले.

"फळाला तीन वर्षं. मी अठ्ठ्याहत्तर. कोणासाठी?"

"फुलांसाठी तरी ठेवा."

"नको," त्या म्हणाल्या.

आठ महिन्यांनी नवऱ्याला मेलबर्नच्या उत्तरेला काम मिळालं आणि आम्ही क्रेगीबर्नला आलो. तेव्हा तिथे घरांपेक्षा माळरान जास्त होतं. मी एका नर्सरीत लागले. रोपं वाढवायचं काम, हातांना माती, मला ते आवडलं. निघायच्या थोडंसं आधी बाईंना त्यांचा मुलगा घेऊन गेला होता. निरोप घ्यायला गेले तर घर बंद होतं, आवारातल्या खड्ड्यांत गवत उगवलं होतं.

पंचाऐंशीत मी फोनच्या जाड पुस्तकातून बाईंच्या मुलाचा नंबर शोधला. आडनाव इतकं वेगळं होतं की एकच सापडलं. मी कोण ते सांगितल्यावरही त्याने पत्ता दिला. बाई आता वृद्धाश्रमात होत्या. रविवारी मी मुलीला घेऊन गेले. ती दहा वर्षांची झाली होती. यायला तयार नव्हती, मग अचानक तयार झाली.

बाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. फार लहान झाल्या होत्या. तिथली नर्स म्हणाली, "त्यांचं इंग्रजी गेलं बरं का. वर्षभरात हळूहळू गेलं. आता त्यांच्याच भाषेत बोलतात, आणि ती इथे कोणाला येत नाही."

मी खुर्ची ओढून बसले. इंग्रजीत म्हणाले की मी खोटं बोलले, तुमचं नाव दिलं, तुमची झाडं माझ्यामुळे गेली. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. काही कळत नव्हतं. मग मी तेच मराठीत म्हणाले, कारण त्यांना तशीही माझी कुठलीच भाषा कळणार नव्हती आणि मराठीत ते मला नीट म्हणता येत होतं. बोलताना रडायला आलं. त्यांनी मला काहीतरी विचारलं. तेच पुन्हा विचारलं. नर्स म्हणाली, "सगळ्यांना हेच विचारतात, डार्ल. काय आहे कोण जाणे."

मुलीला दोन-तीन लॅटव्हियन शब्द आठवत होते. ती खाली बसून हळूच एक शब्द म्हणाली. बाईंनी तिचा हात धरला आणि आम्ही निघेपर्यंत सोडला नाही.

परतताना मी गाडी हायवेला घेतली. मग मुलगी खिडकीबाहेर बघत इंग्रजीत म्हणाली, "तिला आधीच माहीत होतं, मम."

"काय?"

"तू त्या माणसाशी बोललीस ना, त्याच दिवशी. तो तिच्याकडून गेल्यावर मी फळीतून गेले. मी सांगितलं, मम खोटं बोलली, तिला सगळं माहीत आहे, तिने मला पुस्तकात दाखवलंय."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

"मग?"

"तिने मला पाव-जॅम दिला. म्हणाली, हे कोणाला सांगू नकोस. माझ्या मुलाला पण नको. तुझ्या आईला त्रास होईल."

म्हणजे शनिवारी ती गाडी साखळी ओढत होती तेव्हा पायरीवर उभ्या असलेल्या बाईंना, मी 'मला काही कळत नाही' असं म्हणाले तेही ठाऊक होतं. मुलाला एक वाक्य सांगितलं असतं तर तो कदाचित थांबला असता, माझ्या दाराशी आला असता. दाराशी तो आला नाही, म्हणजे त्यांनी ते सांगितलं नव्हतं.

"तू मला इतकी वर्षं हे सांगितलं नाहीस," मी म्हणाले.

"तिने सांगितलं होतं, सांगू नको," मुलगी म्हणाली. "आणि तू मला आत जा म्हणालीस."

शेजारून मोठमोठे ट्रक जात होते, प्रत्येक वेळी गाडी हलायची. मी तिची माफी मागितली. ती मराठीत "ठीक आहे" म्हणाली, पण माझ्याकडे बघितलं नाही. थोड्या वेळाने मी गाडी सुरू केली.